ऐतिहासिक दूरचित्रवाणी मालिका

गतकाळातील व्यक्ती, घटना वा समाजजीवन यांवर आधारलेली व दूरचित्रवाणीवरून भागशः प्रक्षेपित होणारी नाट्यकथा. ज्ञात इतिहासातील कालखंडाशी ती बांधलेली असल्याने पौराणिक मालिकेहून ती वेगळी ठरते. पात्रांच्या तोंडी संवाद घालून व प्रसंगांची रचना करून ती सांगितली जात असल्याने अनुबोधपटाहूनही ती भिन्न असते. ऐतिहासिक कादंबरी व नाटक यांच्याशी तिचे नाते जवळचे आहे. मात्र कादंबरीकाराला ज्या गोष्टी मोघम ठेवता येतात, त्या मालिकाकाराला दाखवाव्याच लागतात. ‘राजे घोड्यावरून आले’ एवढे लिहून लेखक पुढे जातो. परंतु घोडा कोणत्या वंशाचा, खोगीर कसले, रिकीब कोणत्या घडणीची, वाटेच्या कडेला झाडे कोणती, या प्रश्नांची उत्तरे चित्रणापूर्वी कोणीतरी द्यावी लागतात. ती जाणून दिली नाहीत, तर अजाणता दिली जातात. इतिहासनिष्ठेचा प्रश्न या माध्यमात इतका तीव्र होतो तो यामुळेच.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७० साली आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवर व १९७१ साली पहिल्या एलिझाबेथवर मालिका सादर केल्या. राणीची वेशभूषा समकालीन व्यक्तिचित्रांवरून बेतण्याची त्यांतील पद्धत पुढे अनेकांनी उचलली. जपानमध्ये एनएचके ही संस्था १९६३ पासून दरवर्षी एक प्रदीर्घ ऐतिहासिक मालिका आठवड्याला एक भाग याप्रमाणे दाखवीत आली आहे. तिच्या श्रेयनामावलीत काळाची पडताळणी करणाऱ्या इतिहासकाराचे स्वतंत्र नाव असते आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कथेतील स्थळे आज कशी आहेत, याची अल्पशी फेरी घडविली जाते. भारतात श्याम बेनेगल यांच्या भारत एक खोज (१९८८) या ५३ भागांच्या मालिकेने तज्ज्ञांच्या साहाय्याने इतिहासकथन करण्याचा उत्तम आदर्श घालून दिला. मराठीत गजानन जागीरदार दिग्दर्शित स्वामी (१९८७) ही दूरदर्शनवरील मालिका रणजित देसाई यांच्या १९६२ मधील कादंबरीवर, तर राऊ ही ना. सं. इनामदार यांच्या १९७२ मधील कादंबरीवर आधारलेली होती. खाजगी वाहिन्यांच्या काळात राजा शिवछत्रपती (२००८), रमाबाई रानडे यांच्यावरील उंच माझा झोका (२०१२) आणि स्वराज्यरक्षक संभाजी (२०१७–२०) या मालिका विशेष गाजल्या.

या यादीतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी ऐतिहासिक मालिकेचा उगम दप्तरात नसून कादंबरीत आहे. कादंबरीकाराने रिकाम्या जागा आपल्या प्रतिभेने भरलेल्या असतात आणि तो त्याचा अधिकारच आहे. मालिका त्या भरलेल्या जागा इतिहास म्हणून उचलते, प्रेक्षक त्या डोळ्यांनी पाहतो व नंतर कागद पुढे आला, तरी पाहिलेले दृश्य सहसा पुसले जात नाही. म्हणून मालिकेची इतिहासनिष्ठा पगड्या व दागिने यांवरून जोखणे अपुरे आहे. जे कागदोपत्री सिद्ध आहे, जे त्या काळाच्या ज्ञानावरून अनुमानाने ठरविता येते आणि जे निव्वळ कल्पित आहे, या तिन्हींची सरमिसळ निर्मात्याने कितपत होऊ दिली, हीच तिची खरी कसोटी होय.

भीमेच्या खोऱ्यातील कथास्थळे : या प्रश्नाची निरनिराळी रूपे पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत व त्यांच्या सीमेवर जवळजवळ पाहावयास मिळतात. मराठी मालिकांची अनेक कथानके भीमेच्या या पट्ट्यात येऊन पोहोचतात. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक, पाबळ, कोरेगाव भीमा व रांजणगाव आहे. दौंड तालुक्यासमोर भीमेच्या पलीकडच्या तीरावर श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावचा बहादूरगड आहे. आणि लगतच्या हवेली तालुक्यात भीमा–इंद्रायणी संगमावरील तुळापूर व मुळा-मुठेकाठचे थेऊर ही गावे आहेत. थोरले माधवराव पेशवे यांचे निधन १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे झाले आणि स्वामीच्या कथेचा शेवटही तेथेच होतो.

छत्रपती संभाजी महाराज १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे मुकर्रबखानाच्या हाती सापडले. त्यांना बहादूरगड येथे औरंगजेबाच्या छावणीत आणण्यात आले व ११ मार्च १६८९ रोजी तुळापूर परिसरात त्यांचा वध झाला. समाधी वढू बुद्रुक येथे आहे. या सुमारे चाळीस दिवसांचे चित्रण करू पाहणाऱ्या लेखकापुढे साधनांची मोठी अडचण उभी राहते. मासिर-इ-आलमगिरी औरंगजेबाच्या मृत्यूनंतर पूर्ण झाली. खाफीखानाचा ग्रंथ त्याहूनही उशिराचा. भीमसेन सक्सेना व ईश्वरदास नागर हे समकालीन खरे, पण मोगलांच्या चाकरीतील. मराठी बाजूची मल्हार रामराव चिटणीस याची बखर तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेली. कैदेतील राजापुढे बादशहाने नेमक्या कोणत्या अटी ठेवल्या, याबाबत या साधनांत एकवाक्यता नाही. कोठे खजिन्याची व फितूर मोगल सरदारांच्या नावांची विचारणा आहे, तर कोठे धर्मांतराची अट आहे. छळाचे तपशीलही भिन्न आहेत. बादशहा व छत्रपती यांच्यातील दीर्घ संवाद म्हणून जे काही रंगभूमीवर व पडद्यावर ऐकू येते, ते नाटककारांचे आहे.

संभाजी महाराजांच्या प्रतिमेचा इतिहास येथे पाहणे आवश्यक आहे. चिटणिसांच्या बखरीने रंगविलेले व्यसनी, उतावळ्या राजाचे चित्र दीर्घकाळ नाटककारांनी प्रमाण मानले. वा. सी. बेंद्रे यांचा छत्रपती संभाजी महाराज (१९६०) व कमल गोखले यांचा शिवपुत्र संभाजी (१९७१) या ग्रंथांनी समकालीन कागदांच्या आधारे ते खोडून काढले. बुधभूषण हा संस्कृत ग्रंथ रचणारा, नऊ वर्षे अनेक आघाड्यांवर लढणारा राजा त्यांतून पुढे आला. पुढे शिवाजी सावंत यांची छावा (१९७९) व विश्वास पाटील यांची संभाजी (२००५) या कादंबऱ्यांनी ही नवी प्रतिमा घरोघर नेली. प्रताप गंगावणे लिखित स्वराज्यरक्षक संभाजी ही मालिका याच परंपरेतील होय. संशोधनाने ग्रंथांत केलेली दुरुस्ती सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचण्यास अनेक दशके लागली. मालिकेने ती सुमारे अडीच वर्षांत खेडोपाडी नेली, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. मात्र एकांगी निंदेच्या जागी एकांगी स्तुती आली, की साधनांशी अंतर पुन्हा पडू लागते. कथानायकाला निर्दोष ठेवण्यासाठी दोष दुसऱ्या कोणावर तरी ढकलावा लागतो. तो कधी सोयराबाईंवर, कधी अनाजी दत्तोंवर, तर कधी शिर्क्यांवर जातो. या मालिकेत संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये, मालिका चालू असतानाच, शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले व २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. त्यांच्या विजयाची कारणे अनेक असतील. तथापि वढू बुद्रुक ज्या मतदारसंघात आहे, तेथेच नट व नायक यांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळाव्यात, ही घटना या माध्यमाच्या अभ्यासकास दुर्लक्षिता येणार नाही.

बहादूरगडाच्या संदर्भातील एक उणीव मालिकांत वारंवार आढळते. औरंगजेबाचा दख्खनमधील दरबार हा बहुतेक वेळा दगडी महालात, संगमरवरी खांबांमध्ये भरलेला दाखवितात. प्रत्यक्षात बादशहाची उत्तरायुष्यातील वर्षे मुख्यतः छावणीतच गेली. ही छावणी म्हणजे कापडाचे फिरते नगर असे. मध्यभागी तांबड्या कनातींनी वेढलेला गुलालबार, त्याभोवती शाहजाद्यांचे व सरदारांचे डेरे, बाजार, तोफखाना, जनावरांचे तळ असा तिचा विस्तार असे. भीमेच्या काठचा उघडा माळ व त्यावर पसरलेले हे वस्त्रनगर दाखविणे दगडी महालाच्या नेपथ्याहून कदाचित स्वस्तही पडेल. येथे इतिहासनिष्ठेच्या आड खर्च येत नाही. जुन्या चित्रपटांतून चालत आलेली दरबाराची सवय येते.

पाबळचा प्रश्न याच्या उलट आहे. तेथे साधने परस्परविरोधी नसून अत्यल्प आहेत. पहिल्या बाजीरावाने १७२९ मध्ये बुंदेलखंडात छत्रसालास साहाय्य केले व त्यानंतर मस्तानी पुण्यास आली. पाबळ हे तिचे इनाम गाव. तिची कबरही तेथेच आहे. बाजीरावाचा मृत्यू २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे झाला आणि त्याच साली तिचेही निधन झाले. ते कशाने झाले, हे निश्चित नाही. पेशवे दप्तरात तिच्याविषयी जे उल्लेख मिळतात, ते थोडे असून बहुतांशी इतरांच्या पत्रांतील व तिच्या नजरकैदेच्या काळातील आहेत. तिचे निर्विवाद समकालीन चित्र नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूड येथील तिच्या महालाचे अवशेष पुन्हा उभारून ठेवले आहेत. वस्तुरूप आधार म्हणावा तो एवढाच. असे असता तिचे रूप, तिचा स्वभाव, तिचे नृत्य आणि काशीबाईंशी तिचे संबंध यांविषयी प्रेक्षकांच्या मनात तपशीलवार चित्र असते. ते कादंबरीतून, मालिकेतून व २०१५ च्या बाजीराव मस्तानी या चित्रपटातून आले आहे. त्या चित्रपटातील दोघींच्या एकत्र नृत्यावर टीका झाली. परंतु ज्या मौनातून ते नृत्य निर्माण झाले, त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. दप्तराचे मौन हेही एक साधनच आहे. पेशव्यांच्या घराने या स्त्रीविषयी किती कमी लिहिले व जे लिहिले ते कोणत्या प्रसंगी लिहिले, हेच नाट्यवस्तू म्हणून घेणारी मालिका अद्याप मराठीत झालेली दिसत नाही.

कोरेगाव भीमा येथील १ जानेवारी १८१८ च्या लढाईबाबत साधने विपुल आहेत. वाद आहे तो अर्थाचा. कॅप्टन स्टॉन्टन हा ३१ डिसेंबर १८१७ रोजी रात्री साडेआठच्या सुमारास शिरूरच्या छावणीतून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण (सु. ५०० शिपाई), अडीचशे-तीनशे स्वार, दोन तोफा व मद्रास तोफखान्याचे २४ युरोपीय गोलंदाज होते. समोर दुसऱ्या बाजीरावाची सु. २८,००० फौज होती. तथापि ती सर्वच्या सर्व लढाईत उतरली नव्हती. गावात शिरून हल्ला करणाऱ्या पायदळाच्या तुकड्या प्रत्येकी सु. ३०० माणसांच्या असून त्यांत अरब व गोसावी सैनिकांचा भरणा होता. मोकळ्या रणांगणावर दोन सैन्यरांगा एकमेकींवर तुटून पडतात, हे प्रचलित चित्र या लढाईला लागू पडत नाही. ती गावाच्या बोळांत, मातीच्या भिंतींआड, घराघरांतून व दिवसभर पाण्यावाचून लढली गेली. कंपनीची एक तोफ शिरूरच्या रस्त्यावर, तर दुसरी नदीच्या रोखाने लावलेली होती. कंपनीकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून २७५ माणसे कामी आली. जनरल स्मिथचे सैन्य जवळ येत असल्याच्या बातमीने पेशव्याची फौज निघून गेली आणि स्टॉन्टन शिरूरला परतला. स्मारकस्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. त्यावरील ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावांना ‘नाक’ हा प्रत्यय आहे व ती महार सैनिकांची मानली जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभास भेट दिली आणि त्यानंतर हे स्थळ दलित समाजाच्या आत्मसन्मानाचे प्रतीक बनले.

या लढाईचे दृश्य उभारताना संचालनाची एक बारीक गोष्टही सांगता येते. त्या रात्री वद्य पक्ष असून चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा होता. तेव्हा शिरूरहून निघालेल्या पलटणीची पहिली कित्येक तासांची वाटचाल अंधारातली होती. तीच गोष्ट तुळापूरची. ११ मार्च १६८९ ही तारीख जुन्या म्हणजे ज्यूलियन कालगणनेतील असून त्या दिवशी फाल्गुन अमावास्या होती. नव्या ग्रेगरियन गणनेने तो दिवस २१ मार्च येतो. तारखांच्या या दोन पद्धती एकत्र मिसळल्याने संहितेत दहा दिवसांची चूक सहज शिरते आणि अमावास्येच्या रात्री पडद्यावर पूर्ण चंद्र उगवतो. मालिकेच्या संशोधकाने सर्वप्रथम तिथी, जुनी तारीख व नवी तारीख अशा तीन रकान्यांची कालपट्टी तयार करावी, असा संकेत आहे तो याच कारणाने. पात्रांची वयेही तिच्यातच लिहिली, तर सोळा वर्षांच्या राजपुत्राच्या भूमिकेत चाळिशीचा नट उभा करताना निदान जाणीव तरी राहते.

घोडे, झाडे, अन्नवस्त्र : दौंड व बारामतीचा प्रदेश पूर्वी भीमथडी या नावाने ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्यात याच नावाचा तालुका होता. येथील भीमथडी घोडे अंगाने ठेंगणे, काटक व थोड्या दाणावैरणीवर लांब पल्ला काटणारे म्हणून प्रसिद्ध होते. मराठ्यांच्या जलद हालचालींमागे या तट्टांचा मोठा वाटा होता. मालिकांत मात्र बहुधा मारवाडी किंवा शर्यतीच्या वंशाची उंच, चकचकीत घोडी दिसतात. ती देखणी असतात खरी. पण त्यांच्यामुळे गनिमी काव्याचे गमकच दृष्टीआड होते. उंच घोड्यावरील जड स्वार हे मोगली सैन्याचे चित्र. मराठ्यांचे बळ त्याच्या नेमके उलट गोष्टींत होते. झुलीखालून डोकावणारे इंग्रजी पद्धतीचे खोगीर ही आणखी एक नेहमीची चूक. भीमथडी वंशाची शुद्ध घोडी आता फार थोडी उरली आहेत व ती मुख्यतः धनगर समाजाने राखली आहेत. त्यामुळे शंभर स्वारांचे दृश्य त्यांच्यावर घेणे सुकर नाही. निदान पुढच्या रांगेत ती असावीत, एवढी अपेक्षा गैर नाही.

स्थळावर जाऊन चित्रण केले म्हणजे सत्य हाती लागते, हा समजही तपासून घेतला पाहिजे. आजचा शिरूर–दौंड परिसर सतराव्या वा अठराव्या शतकातील नव्हे. खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण होऊन मुठा कालवा दौंड भागात आला. पुढे घोड व चासकमान धरणांचे पाणी शिरूर तालुक्यास मिळाले आणि उजनी धरणाचा (१९८०) फुगवटा भीमेच्या पात्रात वरपर्यंत चढला. बाजरी व ज्वारीचा, पावसाच्या हुकमतीखालचा हा माळमुलूख ठिकठिकाणी उसाने हिरवा झाला. नदीकाठी व पडीक रानात दाटलेली वेडी बाभूळ अमेरिकेतील असून ती भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, तर घाणेरी, फड्या निवडुंग व घायपात अमेरिकेकडील. शिवकालीन गडाच्या वाटेवर फुललेला गुलमोहर कॅमेऱ्यास मोहक वाटतो. इतिहासाच्या दृष्टीने तो विजेच्या खांबाइतकाच परका आहे. चौथऱ्यांवर बाभूळ, बोर, लिंब व पिंपळ आणि पिकांत बाजरी निवडली, तरी दृश्य पुष्कळ सावरते. संगणकाच्या साहाय्याने दूरच्या तारा व इमारती हल्ली पुसता येतात. वनस्पती पुसण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही, कारण त्या परक्या असल्याचे ध्यानातच येत नाही.

स्वयंपाकघरातही असेच घडते. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली असल्याने पेशवाईच्या ताटात ती आक्षेपार्ह नाही. परंतु बटाटा व टोमॅटो महाराष्ट्रात रुळले ते इंग्रजी अमदानीत. उपवासाच्या फराळातील साबुदाणा तर विसाव्या शतकातील कारखानदारीची देणगी होय. रमाबाई पेशवे यांच्या उपवासास तो वाढणे ही ठसठशीत कालविसंगती ठरेल. वस्त्रांच्या बाबतीत घडणीपेक्षा रंग अधिक फसवे असतात. कृत्रिम रंगांचा शोध १८५६ मधला. त्यापूर्वीची वस्त्रे नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंबा यांसारख्या रंगद्रव्यांनी रंगविलेली असत व त्यांची झळाळी वेगळी असे. झगझगीत गुलाबी व पोपटी शालूंनी भरलेला शिवकालीन वाडा हा आजच्या लग्नमंडपाचा भास देतो. शस्त्रांत तोड्याची बंदूक व गारेची चापाची बंदूक यांतील भेद पाळला पाहिजे. पहिली शिवकालात सर्वत्र असे. दुसरी १८१८ मधील कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर होती. केडगाव (ता. दौंड) येथील पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या मुक्ति-सदनाच्या काळापर्यंत आले म्हणजे छायाचित्रांचा आधार मिळू लागतो. मात्र तेथे चूकही लगेच उघडी पडते. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, त्याआधीच्या दुष्काळाच्या दृश्यात त्यावरून गाडी धावून चालणार नाही.

व्यक्तिचित्रांविषयी एक दाखला पुरेसा होईल. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात होते, ते वस्तुतः दुसऱ्याच एका व्यक्तीचे होते. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डच संग्रहातील अस्सल चित्र उजेडात आणल्यावर महाराजांची आजची परिचित मुद्रा रूढ झाली. जिरेटोप, दाढीची ठेवण, नाकाची घडण यांविषयी आज प्रेक्षक इतका आग्रही असतो, की त्याला हे सर्व अनादि वाटते. प्रत्यक्षात ते एका संशोधकाच्या शोधाचे फळ आहे.

भाषेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. सतराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहार फार्सी शब्दांनी गजबजलेला असे. म्हणूनच शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश तयार करविला. ती भाषा जशीच्या तशी वापरली, तर आजच्या श्रोत्यास कळणार नाही. आजची बोली वापरली, तर काळ उभा राहणार नाही. यावर मालिकांनी काढलेला तोडगा म्हणजे कादंबऱ्या व रंगभूमी यांतून घडलेली एक भारदस्त, अलंकारिक मराठी. ती छत्रपतीही बोलतात, हेरही बोलतात आणि भीमाकाठचा पाटीलही बोलतो. सर्व पात्रांची भाषा एक झाली, की समाजातील थर नाहीसे होतात. जुन्या पत्रांतील वाक्यांची आटोपशीर, कामापुरती, क्रियापदावर भर देणारी ठेवण संवादांत आणली, तर शब्द आजचे ठेवूनही काळाचा प्रत्यय येऊ शकतो. भारत इतिहास संशोधक मंडळाने (स्थापना १९१०) प्रकाशित केलेली पत्रे आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ निवडक खंड (१९३०–३४) हे संवादलेखकाला व्याकरणाहून अधिक उपयोगी पडावेत.

निर्मितीच्या मर्यादा व वाद : दूरदर्शनच्या काळात मालिका साप्ताहिक असत. खाजगी वाहिन्यांवर आठवड्यातून पाच वा सहा भाग द्यावे लागतात व कित्येकदा प्रक्षेपणाच्या थोडेच दिवस आधी भाग चित्रित होतो. अशा वेळी सल्लागार इतिहासकाराकडे संहिता वाचनासाठी एक रात्रही उरत नाही. मालिका लोकप्रिय झाली, की कथानक लांबविले जाते. ज्ञात इतिहास मात्र लांबत नाही, म्हणून वाढीव भाग कटकारस्थाने, विषप्रयोग व अंतःपुरातील कलह यांनी भरले जातात. चुकांचे मूळ बहुधा अज्ञानात नसून या वेळापत्रकात असते.

चित्रपटाप्रमाणे मालिकेस प्रक्षेपणपूर्व प्रमाणपत्र लागत नाही; खाजगी वाहिन्यांवरील कार्यक्रम १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी अधिनियमाखालील कार्यक्रमसंहितेने बांधलेले असतात. या संहितेत इतिहासाच्या अचूकतेची कसोटी नाही. त्यामुळे आक्षेप येतात ते अभ्यासकांकडून कमी व वंशज, समाज, संघटना यांच्याकडून अधिक. छावा या २०२५ मधील चित्रपटात गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर त्यांच्या वंशजांनी हरकत घेतली व दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. वढू बुद्रुक येथील मतभेद याहून गंभीर आहेत. संभाजी महाराजांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी दोन परंपरा आहेत. एक गावातील शिवले घराण्याकडे निर्देश करते, तर दुसरी महार समाजातील गोविंद गोपाळ यांच्याकडे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळील फलकावरून तंटा झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात उसळलेल्या हिंसाचारात एका तरुणाचा मृत्यू झाला. या दोन्ही परंपरा चित्रित करणे पटकथेस अशक्य नाही. एकाच दृश्यात एकीची निवड करून दुसरी न दिसणे हा मात्र केवळ कलात्मक निर्णय राहत नाही. भीमेच्या त्या काठावर राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने तो निवाडा ठरतो.

भागाच्या आरंभी झळकणारी, कथानकात कल्पनेचा आधार घेतल्याची सूचना या बाबतीत अपुरी आहे. ती कायद्यापासून संरक्षण देते. पण कोणता प्रसंग कागदातला व कोणता लेखकाचा, हे सांगत नाही. जपानी मालिकांच्या शेवटी येणाऱ्या स्थळदर्शनासारखी दोन मिनिटांची जोड मराठीत देता येण्याजोगी आहे. बहादूरगडाच्या तटावरून दिसणारे भीमेचे पात्र, वढूची समाधी, पाबळची कबर, कोरेगावच्या स्तंभावरील नावे यांचे चित्रण आणि त्यासोबत त्या दिवशीच्या भागातील कोणता आधार बखरीचा, कोणता पत्राचा व कोणता कादंबरीचा, याचे निवेदन, एवढेच त्यास पुरेल.